साबणाच्या डबीतला बिबट्या

मी तलासरीच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवते आणि मला सगळ्याची भीती वाटते.

पालीची वाटते, विजेची वाटते, मुख्याध्यापकांच्या फोनची वाटते. प्रेशर कुकरची शिट्टी झाली की मी दचकते, आणि शिट्टी झाली नाही की जास्तच दचकते. मार्जार कुळाचा धडा शिकवताना फळ्यावर बिबट्याचं चित्र काढायचं असतं, ते मी शेपटीकडून काढायला घेते आणि तोंडापर्यंत पोचायच्या आत तास संपवते. (मुलींना हे ठाऊक आहे. आमच्या शाळेतून दहावी झालेल्या कित्येक मुलींच्या वहीत बिबट्याला तोंड नाही.)

अशा बाईचं लग्न रानशेतमध्ये झालं. घराच्या मागे गोठा, गोठ्यामागे भाताचं खाचर आणि खाचरामागे सरळ डोंगर. डोंगरात कोण राहतं ते मी सांगायला नको. आमच्याकडे त्याला बिबट्या म्हणत नाहीत, वाघच म्हणतात. त्यामुळे भीती आणखी एक इयत्ता वर चढते.

माझ्या सासूबाईंना मात्र कशाचीच भीती वाटत नाही. त्यांनी एकदा चुलीमागून निघालेली धामण चिमट्याने उचलून बाहेर टाकली आणि त्याच चिमट्याने पुढची भाकरी उलटली. (चिमटा धुतला होता, असं त्या म्हणतात. मी विचारलं नव्हतं.) त्यांचा जीव आहे तो शेळ्यांवर, आणि त्यातही सोनी नावाच्या करडावर. त्या महिन्यात सोनीच्या मागच्या पायाला काटा लागून आलेली सूज काही उतरत नव्हती. बाकीच्या शेळ्या चरायला जायच्या आणि सोनी गोठ्याच्या आतल्या कोपऱ्यात एकटी बांधलेली असायची. त्याच महिन्यात शेजारच्या शंकरभाऊंच्या दोन कोंबड्या नाहीशा झाल्या. ओढ्याकाठच्या चिखलात त्यांना पंजे दिसले. ते पंजे केवढे होते ते दाखवताना शंकरभाऊंचे हात रोज थोडे लांब लांब होत गेले.

मी मनाशी ठरवलं, आता विज्ञानानेच काहीतरी करायला हवं.

शाळेत मुलींना रोबोट शिकवायचा म्हणून मी नुकताच एक छोटा अभ्यासवर्ग केला होता, आणि तेव्हापासून मला मायक्रोकंट्रोलरचं वेड लागलं होतं. मायक्रोकंट्रोलर म्हणजे बोटाएवढ्या बोर्डावर बसवलेला चिमुकला मेंदू. एकदा काय करायचं ते सांगून ठेवलं की तो तेवढंच करत राहतो. कंटाळत नाही, उलट विचारत नाही. घरात असं कोणी नसल्यामुळे मला त्याचं फार अप्रूप वाटायचं.

आता कोणता बोर्ड घ्यायचा याच्यावर मी पंधरा दिवस काढले. लग्नासाठी मुलगा बघताना एवढे काढले नव्हते. एक होता मोठा, निळा, शाळेत वापरतात तसला. भक्कम, समजूतदार, चुकून उलटी वायर लावली तरी बऱ्याचदा माफ करणारा. पण त्याला बाहेर बोलता येत नव्हतं. मेसेज पाठवायचा तर वेगळं यंत्र जोडायला हवं होतं. दुसरा त्याचाच धाकटा भाऊ, तितकाच गुणी आणि तितकाच मुका. तिसरा मात्र सगळ्यांत स्वस्त, सगळ्यांत लहान, आणि त्याच्या पोटातच वायफाय. एकाच्या खर्चात दोघांची कामं करणारा. माझा नवरा प्रशांत म्हणाला, "एवढा गुणी आहे तर एवढा स्वस्त का?" मी त्याला सांगितलं की तू फुग्याच्या कारखान्यात काम करतोस, तू फुग्यांचं बघ.

कुरिअरवाले रानशेतला येत नाहीत. चारोटीच्या नाक्यावर एका वडापावच्या दुकानात पार्सल ठेवून जातात. तिथून मी तो बोर्ड आणला, आणि त्याच्याबरोबर हालचाल ओळखणारा सेन्सर. पांढऱ्या घुमटाचा, अर्ध्या पिंगपाँगच्या चेंडूसारखा दिसतो. समोरून ऊबदार अंगाचं काही हललं की त्याला कळतं. त्याला कळलं की तो बोर्डाला सांगणार, आणि बोर्ड घरातल्या राउटरमधून आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर मेसेज टाकणार. बेत एवढाच.

दोन दिवस जेवणाच्या टेबलावर चाचणी चालली. टेबलाच्या या टोकाला बोर्ड, त्या टोकाला सेन्सर, मध्ये लांबच लांब वायर. सासूबाई समोरून गेल्या की मेसेज यायचा, आणि कोणी गेलं नाही की यायचा नाही. अगदी शहाण्यासारखं चाललं होतं. मेसेजमध्ये आधी मी "हालचाल आढळली" असं लिहिलं होतं. ते फारच सरकारी वाटलं म्हणून बदलून "गोठ्यात कोणीतरी आहे" असं केलं. आयुष्यात मी घेतलेल्या वाईट निर्णयांची यादी केली तर हा बराच वर येईल.

रविवारी सकाळी मी यंत्र गोठ्यात बसवलं. लांब वायर लोंबकळायला नको आणि धूळ बसायला नको, म्हणून बोर्ड आणि सेन्सर दोन्ही एका साबणाच्या डबीत कोंबले, एकावर एक, अगदी पाठीला पाठ लावून. डबीला भोक पाडून घुमट बाहेर काढला. डबी आडव्या वाशाला बांधली, तोंड दाराकडे आणि पाठ सोनीकडे, म्हणजे सोनी हलली तरी हरकत नाही. दार ओढून घेतलं. प्रशांत किनाऱ्यावरच्या आगरला सुके बोंबील आणायला गेला होता. मी जेवले, भांडी घासली आणि पहिल्यांदाच निर्धास्त मनाने ओटीवर आडवी झाले.

मोबाईल वाजला. "गोठ्यात कोणीतरी आहे."

मला वाटलं सासूबाई असतील, सोनीला पाला घालायला गेल्या असतील. यंत्र चालतं याचा आनंदच झाला. अर्ध्या मिनिटाने दुसरा मेसेज आला. गोठ्यात कोणीतरी आहे. मग तिसरा. मी हाक मारून सांगितलं, "आई, यंत्र चाललं बघा. तुम्ही आत फिरताय ते इथे कळतंय."

"कुठे फिरतेय?" सासूबाई माझ्या पाठीमागून म्हणाल्या. त्या स्वयंपाकघराच्या दारात तांदूळ पाखडत बसल्या होत्या.

मोबाईल चौथ्यांदा वाजला.

मी हलक्या आवाजात त्यांना सांगितलं की गोठ्यात कोणीतरी आहे, आणि ते शेळी नाही. सासूबाईंनी सूप खाली ठेवलं. त्या एवढंच म्हणाल्या, "सोनी आत आहे." आणि खुंटीवरचा कोयता काढायला निघाल्या.

मी त्यांना घट्ट धरलं. धरलं म्हणजे त्यांच्या कमरेला मिठी मारून बसले. मी त्यांना वाचवत होते की त्यांच्या मागे लपत होते, हे तेव्हा मला सांगता आलं नसतं, आणि आज सांगायची इच्छा नाही. मागचं दार लावलं, पुढचं लावलं, बाथरूमचंही लावलं. तोवर ग्रुपवर मेसेज जातच होते, आणि ग्रुपवर आमचे चौदा नातेवाईक होते. वापीच्या आत्यांचा फोन आला, कोण आहे म्हणून. मी कुजबुजत म्हटलं, वाघ. त्या म्हणाल्या, मोठ्याने बोल, ऐकू येत नाही. मी म्हटलं, मोठ्याने बोलले तर त्याला ऐकू जाईल.

प्रशांतचा फोन आला. तो आगरहून निघाला होता आणि रस्त्यात थांबून थांबून मेसेज वाचत होता. मी त्याला सांगितलं की आता अठरा झाले. मग त्याने विचारलं, "अठरा वाघ?"

वीस मिनिटांत वाडीतली पन्नास माणसं आमच्या मागच्या अंगणात उभी होती. काठ्या होत्या, पत्र्याचे डबे होते. शंकरभाऊ पुढाकार घेऊन सगळ्यांच्या मागे उभे राहिले. त्यांनी बरीच वर्षं उंबरगावच्या कंपनीत काढल्यामुळे ते घाबरले की गुजरातीवर जातात आणि बिबट्याचा दीपडो होतो. "दीपडो छे," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, "मी सांगतो ना, दीपडोच छे." माझा मोबाईल तुळशीच्या कट्ट्यावर ठेवला होता आणि सगळे त्याच्याकडे बघत होते. तो वाजला की पन्नास माणसं एक पाऊल मागे सरकायची. सासूबाईंना दोन बायकांनी धरून ठेवलं होतं. त्या सोनीला हाका मारत होत्या, आणि आतून सोनी मधूनच बारीक ओरडत होती. ती ओरडली की सासूबाईंचा चेहरा आवळला जायचा. मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होते.

मग वनखात्याची गाडी आली. कोणीतरी फोन केला होता. गाडीतून एक वनरक्षक बाई उतरल्या. माझ्याच वयाच्या, खाकी कपडे, हातात काठी, आणि चेहऱ्यावर रेशनच्या रांगेत उभं असल्यासारखी शांती. त्यांच्याबरोबर दोन माणसं जाळं घेऊन होती. त्यांनी आधी सगळ्यांना मागे ओट्यापाशी नेलं आणि डोंगराकडची बाजू मोकळी ठेवायला सांगितली, म्हणजे जनावर आत असलंच तर त्याला जायला वाट राहील. मग त्या गोठ्याभोवती सावकाश एक चक्कर मारून आल्या. जमीन ओली होती. तिच्यावर कोंबड्यांचे पाय होते, सासूबाईंच्या चपला होत्या, माझ्या चपला होत्या. पंजा एकही नव्हता.

"मेसेज कोण पाठवतंय?" त्यांनी विचारलं.

मी पुढे झाले. विज्ञानाचा प्रश्न आला की माझी भीती जरा कमी होते. मी त्यांना सगळं नीट समजावून सांगायला लागले. सेन्सरला हालचाल कळते, तो बोर्डाला सांगतो, बोर्ड वायफायवरून मेसेज पाठवतो. त्या ऐकत होत्या आणि ऐकता ऐकता हातातल्या घड्याळाकडे बघत होत्या. तीनदा मोबाईल वाजला, तीनदा त्यांनी घड्याळ बघितलं.

"बाई," त्या हळूच म्हणाल्या, "दर अर्ध्या मिनिटाला वाजतंय. एका सेकंदाचा फरक नाही. बिबट्या घड्याळ लावून चालत नाही हो."

आणि मला कळलं.

काय कळलं ते सांगते, कारण त्या क्षणाइतकी भीती मला त्या दिवशी बिबट्याचीही वाटली नव्हती. वायफायवाला बोर्ड मेसेज पाठवतो तेव्हा त्याच्यातून रेडिओच्या लहरी निघतात. टेबलावर सेन्सर त्याच्यापासून हातभर लांब होता, म्हणून काही झालं नाही. डबीत मी दोघांना पाठीला पाठ लावून बसवलं होतं. बोर्डाने मेसेज पाठवला की शेजारचा सेन्सर दचकायचा. सेन्सर दचकला की बोर्डाला वाटायचं कोणीतरी आलं. कोणीतरी आलं म्हणून तो, मी नेमून दिलेलं अर्धं मिनिट थांबून, मेसेज पाठवायचा, आणि त्या मेसेजने सेन्सर पुन्हा दचकायचा. पहिल्यांदा एखादी कोंबडी दाराच्या फटीतून गेली असेल. त्यानंतरचे सगळे बिबटे त्या दोघांनी आपसात तयार केले होते. मी स्वतःसारखंच यंत्र बनवलं होतं.

आता हे पन्नास माणसांना सांगायचं होतं. त्यांतल्या निम्म्यांची मुलं माझ्याकडे विज्ञान शिकतात. वापीच्या आत्या फोनवरच होत्या. दोन माणसं जाळं धरून घामाघूम झाली होती. सासूबाई... त्यांच्याकडे तर बघवत नव्हतं.

म्हणून मी सांगितलं नाही. पाणी पिऊन येते असं म्हणून मी घरात गेले आणि राउटरचा प्लग काढला. राउटर बंद म्हणजे मेसेज बंद. मेसेज बंद म्हणजे वाघ गेला. माणसं घरी जातील, मी संध्याकाळी डबी सोडवून आणीन आणि हा विषय माझ्याबरोबर संपेल. बेत मला स्वतःला फार आवडला.

मी बाहेर आले तेव्हा सगळे मोबाईलवर नजर लावून उभे होते. मोबाईल एक मिनिट वाजला नाही. दोन मिनिटं वाजला नाही.

"थांबला," शंकरभाऊ म्हणाले. मग त्यांनी सासूबाईंकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "हालत नाहीये म्हणजे खातोय."

नेमकी तेव्हाच सोनीही ओरडायची थांबली. सासूबाईंच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी त्यांच्याकडून कधी ऐकला नव्हता. धामणीला चिमट्याने उचलणारी बाई मटकन खाली बसली, आणि दुसऱ्या क्षणी उठून, दोन्ही बायकांना झिडकारून, कोयता घेऊन गोठ्याकडे निघाली. वनरक्षक बाई आडव्या आल्या. मी धावले आणि मध्ये उभी राहिले.

"आई, आत कोणी नाही," मी म्हटलं. "वाघ नाहीच आहे. माझी चूक आहे. स्वस्तातला बोर्ड घेतला आणि लहान डबीत कोंबला. यंत्र स्वतःलाच घाबरतंय."

एवढं बोलायला मला किती धीर लागला ते मलाच माहीत. आणि कोणाचाही विश्वास बसला नाही. शंकरभाऊ समजुतीच्या सुरात म्हणाले की मॅडम घाबरल्यात, काहीही बोलतात. यंत्र कशाला खोटं बोलेल, असं मागून कोणीतरी म्हणालं. मी पुन्हा सगळं सांगितलं, लहरींसकट. लहरी म्हटल्यावर तर एका आजीने माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

फक्त वनरक्षक बाई माझ्याकडे नीट बघत होत्या. त्यांनी विचारलं, "तुमची एवढी खात्री आहे?"

मी म्हटलं, "हो."

"मग माझ्यापुढे चला. दार तुम्ही उघडा."

गोठा आमच्या ओट्यापासून बारा पावलांवर आहे. त्या दिवशी तो कोणीतरी डहाणूला नेऊन ठेवला होता. आत वाघ नाही हे मला वायरीच्या टोकापर्यंत माहीत होतं. तरी मी दर पावलाला थांबून मागे बघत होते. माझ्या मागे दोन पावलांवर वनरक्षक बाई काठी घेऊन येत होत्या. मी दाराला हात टेकवला. दार करकरलं. आत अंधार, पेंढ्याचा वास, आणि वाशावर साबणाची डबी, तिच्या भोकातून एक लाल दिवा लुकलुकत होता. मी एक पाऊल आत टाकलं. मग दुसरं.

तेवढ्यात मागून कोणीतरी माझी ओढणी तोंडात धरली आणि ओढली.

मी जी किंचाळले ती म्हणे ओढ्यापलीकडे ऐकू गेली. मी डोळे गच्च मिटून जमिनीवर बसले होते, त्यामुळे पुढचं सगळं मला नंतर कळलं. पन्नासच्या पन्नास माणसं पळाली. जाळंवाले जाळ्यासकट पळाले आणि त्यातला एक जाळ्यात अडकला. शंकरभाऊ वनखात्याच्या गाडीत शिरले आणि त्यांनी काचा वर केल्या. प्रशांत त्याच वेळी बाईकवरून अंगणात शिरत होता. समोरून अख्खी वाडी धावत येताना बघून त्याने बोंबलांची पिशवी फेकून दिली आणि बाईक वळवली. (तो म्हणतो मदत आणायला. असेल.) वनरक्षक बाई जागच्या हलल्या नाहीत, पण ते त्यांचं कामच होतं.

एकच माणूस उलट्या दिशेने, गोठ्याकडे धावत आलं. मी डोळे उघडले तेव्हा माझ्यासमोर सासूबाई उभ्या होत्या, पदर सुटलेला, कोयता वर उचललेला, आणि मला पाठीशी घालून अंधाराकडे बघून त्या वाघाला आईबहिणीवरून शिव्या देत होत्या.

वाघ म्हणजे सोनी होती. दावं तोडून, लंगडत लंगडत दारामागे येऊन उभी राहिली होती आणि माझी ओढणी चघळत होती.

सासूबाईंनी कोयता खाली ठेवला. आधी त्यांनी सोनीला चाचपून बघितलं, पाय बघितले, कान बघितले. मग मला चाचपून बघितलं, साधारण त्याच क्रमाने. मग पुन्हा सोनीला, पुन्हा मला. मी म्हटलं, "आई, तुम्ही घाबरलात?" त्या म्हणाल्या, "सोनीसाठी घाबरले होते. मग तू ओरडलीस." आणि त्या पेंढ्यातच बसून राहिल्या. मीही त्यांच्याजवळ बसले. मला रडू आलं, आणि सोनीने ओढणीचं उरलेलं टोकही खाल्लं.

हळूहळू माणसं परत आली. मी डबी सोडून सगळ्यांना दाखवली. एवढीशी डबी बघून लोक जास्तच चिडले. वाघ नाही तर निदान यंत्र तरी मोठं असावं, अशी त्यांची अपेक्षा होती. शंकरभाऊ गाडीतून उतरायला तयार नव्हते. शेवटी चावीनेच दार उघडावं लागलं. प्रशांतचे बोंबील वाडीतल्या कुत्र्यांनी संपवले होते.

मी वनरक्षक बाईंची दहा वेळा माफी मागितली. त्या रागावल्या नाहीत. खरा बिबट्या आला तरी फोन न करणारी माणसं जास्त त्रास देतात, असं म्हणाल्या, आणि सेन्सर बोर्डापासून हातभर लांब लावा, एवढंच सांगितलं. मी विज्ञानाची शिक्षिका आहे हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. मागून दहाबारा जणांनी मिळून सांगितलं.

जाण्याआधी त्यांनी ओट्यावर बसून चहा घेतला आणि एक कागद भरायला काढला. फोन आला, गाडी आली, म्हणजे नोंद करावी लागते. गाव लिहिलं, वेळ लिहिली. मग पेन थांबलं. "इथे आढळलेल्या प्राण्याचं नाव लिहायचंय," त्या माझ्याकडे बघत म्हणाल्या. "काय लिहू?"

मी खाली मान घालून बसले होते. उत्तर सासूबाईंनी दिलं.

"सून लिहा," त्या म्हणाल्या. "गोठ्यात मिळाली. घाबरलेली होती, पण जखम वगैरे काही नाही."

वनरक्षक बाईंनी तसं लिहिलं नाही. पण लिहायचं नाही हे ठरवायला त्यांना बराच वेळ लागला.